कोंबडीच्या दाण्यात अळंबी

मंडळी, आजचा विषय मी एका चुकीपासून सुरू करणार आहे, आणि ती चूक माझी स्वतःची आहे.

मी तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. ग्रामीण जोडधंद्यांवरच्या तासाला एकदा बोलता बोलता मी सांगून गेलो, की कोंबड्यांच्या खाद्यात अळंबी मिसळली तर त्यांची प्रकृती सुधारते, असे परदेशी प्रयोगांत दिसून आले आहे. वाक्य खोटे नव्हते; पण अर्धे होते. वर्गातल्या एका मुलाच्या घरी धिंगरी अळंबीचे बेड लावलेले होते, आणि त्याच्या आईने नुकतीच साठ पिल्ले आणली होती. माझे वाक्य त्याने जसेच्या तसे घरी नेले. काढणी संपलेले ओले बेड त्या माउलीने फोडले आणि तो काड पिल्लांच्या खुराड्यात पसरला. खातील तेवढे खातील, उरलेल्यावर बसतील, असा तिचा हिशेब. आठ-दहा दिवसांत पिल्ले चोची वासून धापा टाकू लागली. तेवीस गेली. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक मेलेले पिल्लू उघडून दाखवले. फुप्फुसावर राळ्याच्या दाण्याएवढ्या पिवळसर गाठी दिसत होत्या.

मुलाने मला येऊन विचारले, "सर, अळंबीनं मेली का?"

अळंबीने नव्हे, बुरशीने मेली. आता तुम्ही म्हणाल, अळंबी म्हणजे तरी बुरशीच ना? होय. आणि सगळा घोटाळा इथेच आहे. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी, कोकणात अळंबी, गोमंतकात अळमी, विदर्भात सात्या म्हणून आवडीने खाल्ली जाणारी छत्री. शिळ्या भाकरीवरची काळी-हिरवी लव. कणगीतल्या ओल्या मक्यावर धरणारी पिवळट भुकटी. पाव फुगवणारे यीस्ट. या सगळ्या एकाच मोठ्या कुळातल्या. कुळ एक असले म्हणून गुण एक नसतात. एकाच घरातला एक भाऊ शेत राखतो, दुसरा विकून खातो, तसे हे आहे.

विकून खाणाऱ्या भावाची ओळख आधी करून घेऊ, कारण कोंबडीवाल्याशी त्याचे वैर जुने आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी धडाधड मेले. रोग सापडेना, म्हणून त्याला नावच दिले 'टर्की एक्स रोग'. एक्स म्हणजे अज्ञात. शोध घेता घेता असे निघाले, की त्या पक्ष्यांच्या दाण्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती, आणि त्या पेंडीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढून तिने विष सोडले होते. बुरशीच्या नावाची आद्याक्षरे घेऊन त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. आपल्याकडे पावसात भिजलेला मका आणि नीट न वाळलेली शेंग यांवर धरते ती हीच. माझ्या विद्यार्थ्याच्या घरी पिल्ले मेली ती या बुरशीच्या चुलत भावामुळे, अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसमुळे. ती विष खाऊ घालत नाही; ओल्या, कुजक्या काडावर वाढते, तिचे बीजाणू धुळीसारखे उडतात, पिल्लांच्या श्वासावाटे आत जातात आणि फुप्फुसातच रुजतात. बेडवर अळंबी येऊन गेली होती हे खरे; परंतु काढणीनंतर तो बेड उघडा, ओला पडून राहिला, आणि रिकाम्या घरात उंदीर शिरावेत तशा दुसऱ्या बुरशा त्यात शिरल्या.

तर मग माझ्या वाक्यातला खरा अर्धा भाग कोणता?

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कोंबड्यांसाठी स्वस्त खाद्य शोधण्याची धडपड चालली होती. निव्वळ मका-सोयाबीनवर पिल्ले नीट वाढत नसत. मासळीचा किंवा मांसाचा काही अंश लागे. त्या अंशातले मर्म म्हणजे जीवनसत्त्व बी-१२ हे १९४८ च्या सुमारास कळले. लेडर्ली ही तिथली एक औषधी कंपनी. तिच्या संशोधनाची धुरा १९४८ साली मृत्यू येईपर्यंत आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे डॉक्टर यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. तिथे ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक औषध तयार होत असे आणि मागे गाळ उरत असे. थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड या तिथल्या दोघा संशोधकांनी बी-१२ मिळेल म्हणून तो गाळ पिल्लांना चारला. पिल्ले बी-१२ ने वाढावीत त्याहूनही जास्त वाढली! गाळात राहून गेलेल्या औषधाचा तो परिणाम होता. त्यानंतर जगभर कोंबड्यांच्या दाण्यात रोग असो वा नसो, वाढीसाठी म्हणून प्रतिजैविकांची चिमूट पडू लागली.

पुढे या चिमटीची किंमत कळली. थोडे थोडे औषध रोज मिळत राहिले की त्याला दाद न देणारे जंतू तेवढे मागे उरतात. तेच जंतू माणसापर्यंत पोचतात, आणि दवाखान्यात तेच औषध निरुपयोगी ठरते. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठी प्रतिजैविके चारणे बंद केले. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून ते पूर्णपणे थांबवले. आपल्याकडे २०१९ साली कोलिस्टिन हे औषध जनावरांना व कोंबड्यांना देण्यावर बंदी आली. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटी काढायचे, इतर औषधे हरल्यावर वापरायचे औषध. ते कोंबड्यांच्या दाण्यात पडत होते!

ही चिमूट काढली तर तिच्या जागी काय घालावे, याचा शोध सुरू झाला. लसूण, हळद, ओवा, ताकातल्यासारखे उपयोगी जंतू, यीस्टची साल, आणि त्याच रांगेत अळंबी.

अळंबीत असे आहे तरी काय? मुख्य गोष्ट तिच्या पेशीची भिंत. आपल्या गवताकाडीची भिंत सेल्युलोजची, तर बुरशीची भिंत कायटिन आणि बीटा-ग्लुकान यांची. कायटिन म्हणजे खेकड्याच्या कवचात आणि झुरळाच्या पंखात असते तेच. बीटा-ग्लुकान ही साखरेच्या कणांची एक लांब साखळी. पण तिचे दुवे असे जोडलेले असतात, की कोंबडीच्या पोटातल्या पाचकरसांना ते सुटत नाहीत. (शिक्षक मंडळींसाठी सांगतो: बार्लीतही बीटा-ग्लुकान असते, पण त्याचे दुवे वेगळे. ते पाण्यात चिकट होते आणि कोंबडीची विष्ठा लगद्यासारखी होते. नाव एक म्हणून दोन्ही एक समजू नयेत.) अळंबीचे बीटा-ग्लुकान न पचता पुढे सरकते आणि दोन कामे करते. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटाला दोन आंधळ्या पिशव्या असतात, तिथे उपयोगी जंतू त्याचा काही भाग आंबवून खातात आणि बळावतात. दुसरे काम अधिक गमतीचे आहे. कोंबडीच्या शरीरातल्या राखणदार पेशी या साखळीला बुरशीची खूण म्हणून ओळखतात. शत्रू आलेला नसतो, पण त्याच्या जोड्याचा आवाज आल्यासारखे होते, आणि राखणदार जागे होऊन बसतात.

राखणदारांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कोंबडीच्या शेपटीखाली, विष्ठाद्वाराच्या वरच्या अंगाला, एक लहानशी पिशवी असते. इटलीतल्या पाडुआचा शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने तिचे वर्णन केले, म्हणून ती फॅब्रिशियसची पिशवी, लॅटिनमध्ये 'बर्सा'. तिचे काम काय, हे साडेतीनशे वर्षे कुणाला ठाऊक नव्हते. १९५० च्या दशकात अमेरिकेत ब्रूस ग्लिक नावाच्या विद्यार्थ्याने ती पिल्लांमधून काढून टाकली, आणि त्या पक्ष्यांना रोगाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करता येत नाहीत असे दिसले. एका बड्या शास्त्रीय नियतकालिकाने हा लेख परत पाठवला. शेवटी १९५६ साली तो कोंबडीपालनाच्या नियतकालिकात छापून आला. आज माणसाच्या रक्तातल्या ज्या पेशींना डॉक्टर 'बी' पेशी म्हणतात, त्यातला 'बी' कोंबडीच्या या बर्सावरून आला आहे. गंबोरो रोग नेमका या पिशवीवरच घाला घालतो. म्हणून त्याची लस चुकवली, की मागून येणारा प्रत्येक रोग घरचे दार उघडे असल्यासारखा आत येतो. तिथे अळंबीचा काही इलाज चालत नाही. जागा करायला आत राखणदार तरी हवा.

आता प्रयोगांकडे येऊ. नेदरलंड्समधल्या वागेनिंगेन येथील संशोधकांचे लेख २००४ साली आले. त्यांनी शिताके आणि पांढरी जेली अळंबी यांचे अर्क प्रतिजैविकाच्या ऐवजी म्हणून पिल्लांना दिले. रक्ती हगवण झालेल्या पिल्लांमध्ये या अर्कांनी प्रतिकाराची शक्ती वाढलेली दिसली. ग्रीसमधल्या संशोधकांनी २०१० साली साधी, वाळवलेली बटन अळंबी वापरली; किलोभर दाण्यात १० ग्रॅम आणि २० ग्रॅम. २० ग्रॅमच्या गटाची वाढ चांगली झाली आणि आतड्यात लॅक्टोबॅसिलस, म्हणजे ताकात असतात त्या जातीचे जंतू, वाढले. हे झाले अनुकूल. प्रतिकूलही आहे. काही प्रयोगांत वाढीत काहीच फरक पडला नाही, काहींत थोडी घटलीच. अळंबीची जात कोणती, छत्री दिली की देठ, पूड दिली की अर्क, शेड स्वच्छ होते की गलिच्छ, यावर पुष्कळ अवलंबून असते. स्वच्छ जागेत, लसी वेळेवर मिळालेल्या पिल्लांना मुळातच फारसा त्रास नसतो. तिथे अळंबीने करावे तरी काय?

एवढे झाल्यावर मी माझ्या विषयाकडे, म्हणजे हिशेबाकडे वळतो. पशुवैद्य मी नाही. हिशेब मात्र मला करता येतो, आणि या बाबतीत तो कुणी करून दाखवत नाही.

शंभर ब्रॉयलर पिल्ले धरा. पाच-सहा आठवड्यांत एक पिल्लू सुमारे साडेतीन किलो दाणा खाते आणि दोन किलोच्या आसपास भरते. शंभरांचा दाणा ३५० किलो. त्यात शेकडा एक या प्रमाणात अळंबीची पूड घालायची तर साडेतीन किलो पूड लागेल. ताज्या अळंबीत दहा भागांत नऊ भाग पाणी असते. म्हणजे साडेतीन किलो पुडीसाठी ३५ किलो ताजी अळंबी वाळवावी लागेल. तुमच्या बाजारात धिंगरीला जो भाव असेल त्याला ३५ ने गुणा आणि तो आकडा बाजूला लिहून ठेवा. आता फायदा किती? मी उदारपणे धरतो की वजन शेकडा पाचाने वाढले. शंभर पक्ष्यांचे २०० किलो, त्यावर १० किलो अधिक. त्या १० किलो जिवंत कोंबडीचा भाव लिहा. ३५ किलो अळंबी देऊन १० किलो कोंबडी घ्यायची, हा सौदा कोणता शहाणा माणूस करील? विकण्याजोगी अळंबी कोंबडीला घालणे म्हणजे तूप ओतून चूल पेटवणे होय.

म्हणून सगळा प्रश्न एका ठिकाणी येऊन थांबतो: जे विकले जात नाही, त्याचे काय? धिंगरीच्या झुपक्याचा बेडला चिकटलेला बुडखा काढणीच्या वेळी कापून टाकतात. तो चिवट असतो, गिऱ्हाईक घेत नाही. बटन अळंबीचे देठही असेच कापले जातात. फुटलेल्या, कडा वळलेल्या, उशिरा काढलेल्या छत्र्या असतात. याची किंमत शून्य. उलट शेडच्या दाराशी त्याचा ढीग कुजतो आणि माशा होतात. घरच्या वीस अंड्यांच्या कोंबड्या दिवसाला साधारण दोन किलो दाणा खातात. शेकडा एक म्हणजे २० ग्रॅम पूड, म्हणजे रोजचे २०० ग्रॅम ताजे बुडखे. अळंबीचे छोटे शेड असलेल्या घरी एवढे बुडखे काढणीच्या दिवसांत सहज निघतात. अळंबीच्या पुरवणीची खरी जागा ही आहे. अळंबीचे शेड आणि खुराडे एकाच अंगणात असेल तिथे तिचा उपयोग, एरवी नाही.

ती कशी करावयाची, ते सांगतो. बुडख्याला लागलेला काड सुरीने पूर्ण कापून टाकावा. बुडखे उभे चिरून, पातळ पसरून, स्वच्छ कापडावर कडक उन्हात वाळवावेत. मोडला तर काडकन आवाज आला पाहिजे. वाकला तर अजून ओल आहे. पावसाळ्यात ऊन नसेल तर हा उद्योग करू नये, कारण अर्धवट वाळलेल्या बुडख्यावर तीच हिरवी-पिवळी बुरशी धरते, आणि आपण औषध म्हणून विष कालवतो. वाळलेले बुडखे दळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. वीस ग्रॅम पूड एकदम दोन किलो दाण्यात टाकून हात फिरवला तर ती कधीच सारखी मिसळत नाही. आधी ती ओंजळभर भरड्यात घोळावी, मग ते मिश्रण आणखी शेर-दीड शेर भरड्यात, आणि मग सगळ्यात. शेकडा एकापासून सुरुवात करावी, दोनाच्या पुढे जाऊ नये. अळंबी चिवट आहे, तिच्यात अंगाला लागणारी शक्ती मक्याइतकी नाही. जास्त घातली की तेवढा मका कमी होतो आणि वाढ मागे पडते.

अळंबीत प्रथिने पुष्कळ, तेव्हा सोयापेंड कमी करता येईल, असेही कुणी सांगेल. ऐकू नका. प्रयोगशाळा खाद्यातला नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणून प्रथिनांचा आकडा काढते. धान्याला ते ठीक आहे. पण अळंबीतला बराच नत्र कायटिनमध्ये अडकलेला असतो, तो प्रथिनांचा नव्हे. म्हणून अळंबीसाठी ४.३८ ने गुणावे असा संकेत आहे. कागदावर शेकडा ३० दिसणारी प्रथिने प्रत्यक्षात २१ भरतात, आणि तीही पुरती पचत नाहीत. तीच गोष्ट 'ड' जीवनसत्त्वाची. अळंबी उन्हात ठेवली की तिच्यात 'ड' तयार होते, हे खरे आहे आणि माणसाला ते चालते. पण ते 'ड-२', आणि कोंबडीला लागते 'ड-३'. कोंबडीच्या अंगी 'ड-२' दहाव्या हिश्श्यानेही लागत नाही; हे १९३० च्या दशकातच पिल्लांवर पाहून झाले आहे. बंद शेडमधल्या कोंबड्यांचे 'ड-३' आणि शिंपल्यांचा चुरा यांना अळंबी हा पर्याय नाही. राणीखेतच्या, म्हणजे आपण मानमोडी म्हणतो तिच्या लसीलाही ती पर्याय नाही.

आता काय करू नये ते. इथे मला जरा थांबावे लागेल, कारण माझी चूक इथली आहे.

धिंगरीसाठी गव्हाचा काड, भाताचा पेंढा किंवा सोयाबीनचे कुटार वापरतात. ते निर्जंतुक करण्याची एक रूढ पद्धत अशी, की १०० लिटर पाण्यात सुमारे १२५ मिलिलिटर फॉर्मलिन आणि सात-साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घालून त्यात काड सोळा-अठरा तास भिजत ठेवतात. हा काड कोंबड्यांपुढे टाकण्याची वस्तूच नव्हे. काड गरम पाण्यात किंवा वाफेवर निर्जंतुक केलेला असला, तरी कोंबडी म्हणजे गाय नव्हे. तिला काडातले फारसे काही पचत नाही. आणि तो ओला पडून राहिला तर काय होते ते मी आरंभी सांगितले. बटन अळंबीचे प्रकरण याहून वाईट. तिचे कंपोस्ट गव्हाचा काड, युरिया, जिप्सम आणि कोंबडीखत कुजवून करतात. वापरून झालेले ते कंपोस्ट कोंबड्यांना घालणे म्हणजे त्यांचीच विष्ठा फिरवून त्यांना चारणे! वापरलेले सगळे बेड खताच्या खड्ड्यात जावेत. भाजीपाल्याला त्याचे खत फार चांगले होते.

रानात उगवलेल्या छत्र्या तर मुळीच नकोत. कोंबडीने खाल्ले आणि ती जगली म्हणजे ते माणसालाही चालते, ही समजूत खेड्यापाड्यांत अजून आहे. ती जिवावर बेतणारी आहे. काही विषारी अळंब्यांचा परिणाम दिसायला कित्येक तास लागतात, आणि कोंबडी म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे.

करारावर ब्रॉयलर वाढवणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये. दाणा कंपनीकडून तयार येतो, त्यात काय काय आधीच घातलेले आहे ते आपल्या हाती नसते. आपण वरून काही मिसळले आणि वजन कमी भरले तर भांडायला तोंड राहत नाही.

बाजारात पुड्या मिळतात, त्यांच्याबद्दल दोन शब्द. यातल्या अनेक पुड्या अळंबीच्या नसून यीस्टच्या सालीच्या असतात. तीही बुरशीच, तिच्यातही बीटा-ग्लुकान असते. तेव्हा त्यात फसवणूक नाही. काही पुड्या मात्र अशा असतात, की धान्यावर अळंबीची तंतुजाळी वाढवायची आणि धान्यासकट दळायची. त्यात अळंबी किती आणि धान्य किती, हे डोळ्यांना कळत नाही. पुडीवर नुसते 'पॉलिसॅकराइड शेकडा इतके' असे छापलेले असेल तर भुलू नका. पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या कणांची कोणतीही लांब साखळी. ज्वारीच्या पिठातला स्टार्चसुद्धा त्यातच मोडतो. दुकानदाराला विचारा, बीटा-ग्लुकान किती? उत्तर येत नसेल तर ज्वारी घरी आहेच.

अळंबी लावण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण हवे असेल त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळंबी प्रकल्पाकडे चौकशी करावी. हिमाचल प्रदेशातल्या सोलनला केंद्र सरकारची अळंबी संशोधन संस्था आहे, तिचे काम १९८३ पासून चालू आहे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. शाळेच्या आवारात हा प्रयोग मुलांकडून करवून घेण्यासारखा आहे, आणि त्यात शास्त्राचा धडा पुस्तकापेक्षा चांगला समजतो. एकाच दिवशी निघालेली तीस पिल्ले घ्या, पंधरा-पंधरांचे दोन गट करा. मात्र गट करताना हात घालून येतील ती पहिली पंधरा उचलू नका. आधी हाती लागतात ती मंद आणि अशक्त पिल्ले असतात; चपळ ती मागे पळतात. मग प्रयोग सुरू होण्याआधीच संपला! पायात रंगीत दोरा बांधून क्रमांक द्या आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडा. दाणा एकच, पाणी एकच, लसी दोघांना त्याच दिवशी. फरक फक्त त्या एका टक्क्याचा. दर रविवारी सकाळी दाणा घालण्यापूर्वी वजन करा. दिलेला दाणा आणि उरलेला दाणा, दोन्ही तोला. दर आठवड्याला दोन्ही गटांच्या जागा बदला, म्हणजे एका कोपऱ्यात ऊन जास्त येत असेल तर त्याचे श्रेय अळंबीला जाणार नाही. मुलांना हेही सांगा, की तीस पिल्लांवरून जगाला काही सिद्ध करून दाखवता येत नाही; शास्त्रज्ञ शेकडो पिल्ले घेतात आणि तरी त्यांचे मतभेद होतात.

माझ्या विद्यार्थ्याच्या घरी पुढच्या खेपेला आम्ही हेच केले. पिल्ले मी आणून दिली. तेवढे माझ्याकडे लागतच होते. त्याच्या आईने बुडखे वाळवले, धाकट्या बहिणीने वही ठेवली. सहा आठवड्यांनी बेरजा केल्या तेव्हा पूड खाल्लेला गट किंचित पुढे होता; परंतु तो फरक इतका थोडा, की पिल्लाने पोटभर पाणी प्यायले तरी काटा तेवढा हलावा. मी तसे सांगितले. बाई म्हणाल्या, "असू द्या सर. तेवढाच शेडच्या दारातला वास गेला." वापरलेले बेड आता परसातल्या खड्ड्यात जातात, आणि त्यावर यंदा दोडक्याचा वेल धरला आहे.